ब्रेकच्या टाकीला लॅव्हेंडरचा वास

७ जानेवारी, बुधवार

शी! शी! शी!

तोंडावर उडालं. सगळं तोंडावर.

मिस ओपलच्या मोटरहोमखाली पाठीवर पडून मी हवेच्या टाकीची दोरी ओढली. नुसतं फुस्स व्हायला हवं होतं. भस्सकन राखाडी-पांढरं काहीतरी बाहेर आलं — नासक्या दुधात काजळ कालवल्यासारखं. कोमट. गालावरून ओघळत कानात गेलं. कानात! आणि मी नेमकं ‘किती आलं?’ विचारायला तोंड उघडलेलं. तेलकट चव अजून जिभेवर आहे. दोनदा दात घासले, मग संत्रं खाल्लं, तर संत्रंच तेलकट लागलं.

मिस ओपल सपाता घालून, कॉफीचा मग धरून बाजूला उभ्या. “काय गं इंजिनियरीणबाई, गाडीला सर्दी झालीय का?” आणि हसून हसून कॉफी सांडली.

त्यांना हसू येतंय. या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, चाळीस फुटी गाडी एकट्या चालवतात, आणि पंचवीस तारखेला नातीच्या बाळंतपणासाठी आयडाहोला निघणार आहेत. जानेवारीत! युटातले घाट चढून! या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. हवा गोठत नाही, पण हवेतून सुटलेलं पाणी गोठतं. व्हॉल्व्हमध्ये बर्फ झाला की ब्रेक एक तर लागत नाहीत, नाही तर लागलेले सुटत नाहीत. घाटात दोन्ही सारखंच वाईट.

“मिस ओपल, हे पाणी शेवटचं कधी काढलं होतं?”

“काढते की. महिन्याला एकदा ओढते दोरी.”

“किती वेळ?”

“फुस्स होईपर्यंत.”

फुस्स पहिल्या सेकंदालाच होतं!

आणखी एक. त्या घाणीला कसला तरी गोड वास होता. ओळखीचा. आठवत नाहीये.


८ जानेवारी

केस तीन वेळा धुतले. वास आहेच.


१० जानेवारी, शनिवार

आज आमच्या रांगेतल्या सहा गाड्यांखाली जाऊन आले. मालकांना विचारून, वही घेऊन. सहाच्या सहा घाण! एकीतून तर आधी पिवळं आलं, मग राखाडी, मग बुडबुडे. पावभर तरी. मी ते काचेच्या बरणीत धरलं. वर तेल, खाली गढूळ पाणी, मध्ये सायीसारखा थर.

आणि लोकांची उत्तरं! तीन नंबरच्या गाडीतले म्हातारबा म्हणाले, “पोरी, आम्ही वाळवंटात राहतो. इथे घाम येतो तोसुद्धा कोरडा.” त्यांच्या बायकोने आतून ओरडून विचारलं, “कोण आहे?” हे माझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाले, “लायलची पोरगी. आपली गाडी ओकतेय ते बघतेय.” सात नंबरवाल्यांच्या दुसऱ्या टाकीची दोरी तर प्लास्टिकच्या पट्टीने वर बांधून टाकलेली. का? “लोंबकळते, बरी दिसत नाही.” बरी दिसत नाही! ब्रेकची टाकी!

लाखो डॉलरच्या गाड्या. आत संगमरवरी ओटे, तीन-तीन टीव्ही. आणि पोटात हे. वरून पॉलिश, खाली पू. आमचं अख्खं मोटरहोम पार्क तसंच आहे. मला शिसारी आली आहे या लोकांची.

संध्याकाळी बाबांना बरणी दाखवली. ते जेवत होते. चूक माझीच. त्यांनी बीन्सची वाटी बाजूला सरकवली, बरणी उजेडात धरली, हलवली.

“जास्त आहे,” म्हणाले.

“जास्त? बाबा, हे असूच नये!”

“थोडं असतंच गं.” पुन्हा हलवली. “पण हे जास्त आहे.”

आई म्हणाली, “ती बरणी माझ्या लोणच्याची आहे.”


११ जानेवारी

आज पार्कच्या लाँड्रीत आईला मदत केली, ती तिथेच कामाला असते. मशिनच्या वर, भिंतीवर, माझी पदवी. काचेच्या चौकटीत. ‘मेस्किट फ्लॅट्स मोटरहोम पार्क — नाणी इथे टाका’ या पाटीच्या शेजारी! मला इतकं लाजल्यासारखं होतं, पण काढ म्हणायची सोय नाही. मिनेसोटाच्या कुणी बाई चादरी वाळवायला आल्या, तर आई त्यांना म्हणते, “वाचा ना. यांत्रिक अभियांत्रिकी. आमच्या दोन्ही घराण्यांत पहिली.” बाईंनी बिचारीने वाचली, लॅटिनसकट. मग म्हणाल्या, “छान. आणि ते तीन नंबरचं मशीन माझा मोजा गिळून बसलंय.”

मोजा मीच काढला. इंजिनियर!

फिनिक्समध्ये दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज केलेत, अजून उत्तर नाही.


१३ जानेवारी, मंगळवार

एक गोष्ट लिहून काढली पाहिजे, म्हणजे डोक्यात नीट बसेल.

घाण आलेल्या सहाच्या सहा गाड्या बाबांच्या लाईनवर आहेत. मागच्या रांगेतल्या दोन गाड्या लाईनवर नाहीत. त्या काल तपासल्या. चमचाभर स्वच्छ पाणी, बस्स.

बाबांची लाईन म्हणजे — या गाड्या हवेच्या फुग्यांवर बसलेल्या असतात. महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या की फुगे हळूहळू बसतात, गाडी कलते, आतल्या माणसाचं अंडं तव्याच्या एका कडेला पळतं. त्यासाठी रोज इंजिन चालू करायचं, म्हणजे धूर आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. बाबांनी चार वर्षांपूर्वी लाँड्रीमागच्या शेडमध्ये जुना मोठा कंप्रेसर बसवला, जमिनीखालून पाईप नेला आणि अठरा जागांवर तोट्या काढल्या. नळी लावा, टाकी भरलेली राहते, गाडी सरळ उभी. कुणाच्या डोक्यातून आलं? नववीत शाळा सोडलेल्या लायल हॅगर्टीच्या! लोकांनी लाकडाची पाटी करून शेडवर लावली — ‘लायलची लाईन’. दरवर्षी येणारे लोक आपापल्या घरी पत्रं लिहितात या लाईनबद्दल. बाबा शेडपाशी थांबून कधी पाटीकडे बघत नाहीत, पण पाटीवरची धूळ कुणी पुसतं ते मला माहीत आहे.

गाडीच्या इंजिनाची हवा टाकीत जाण्याआधी एका डब्यातून जाते. तो डबा तिच्यातलं पाणी शोषून घेतो. बाबांच्या लाईनची हवा त्या डब्याच्या पुढे, थेट टाकीत शिरते.

म्हणजे लाईनमध्ये जे आहे ते सगळं ब्रेकमध्ये.

मला उद्या शेडमध्ये जायचं नाही. परवा जाईन.


१५ जानेवारी, गुरुवार

सापडलं.

शेडचं दार उघडलं आणि तोंडावर गरम दमट वाफारा आला, धोब्याच्या भट्टीतून यावा तसा. आणि तो वास! लॅव्हेंडर! आई कपडे मऊ व्हायला मशिनमध्ये जांभळं पाणी टाकते त्याचा!

कपडे वाळवायच्या चारही मशिनचा गरम हवेचा पाईप भिंतीतून शेडच्या आत सोडलेला. बाहेर नाही, आत. अठरा गाड्यांचे टॉवेल, चादरी, अंतर्वस्त्रं — त्यांतली सगळी ओल वाफ होऊन त्या शेडमध्ये, आणि मधोमध बाबांचा कंप्रेसर ती वाफ छाती भरभरून ओढतोय. त्याच्या हवा घ्यायच्या तोंडावरची जाळी काढली. तिच्यावर कपड्यांच्या धाग्यांचा थर, भिजलेला, राखाडी, जाड. मेलेला उंदीर वाटला. मी खरंच किंचाळले. त्यात कुणाचा तरी पांढरा केसही होता.

मी तोंडात चव घेतली ती याची. अठरा कुटुंबांच्या मोज्यांची.

बाबांना बोलावून आणलं. ते दारात उभे राहिले.

“हा पाईप आत कुणी वळवला?”

“मीच. नाताळच्या आठवड्यात.”

“का?”

“कर्बी म्हणाला.” कर्बी म्हणजे पार्कचा मॅनेजर. “बाहेर पत्ते खेळतात ना, त्यांच्या कॉफीत धागे उडत होते. तक्रार आली. म्हटलं, आत सोडू. थंडीत सकाळी कंप्रेसरचं तेल घट्ट होतं, शेड ऊबदार राहील.” मग हळूच, “एका दगडात दोन पक्षी वाटले.”

“बाबा, ही ओली हवा आहे! ही ओली हवा तुम्ही लोकांच्या ब्रेकमध्ये भरताय!”

त्यांनी जाळी हातात घेतली, अंगठ्याने थर खरवडला, त्याची गोळी केली आणि खिशात घातली. खिशात! मला काय वाटलं सांगता येत नाही. किळस आली — त्या गोळीची, त्या खिशाची, सगळ्या ‘वाटलं’ची. आमच्या घरात सगळं ‘वाटतं’. मोजत कुणी नाही.

“शनिवारपर्यंत थांब,” म्हणाले. “पाईप आज बाहेर काढतो. गाड्या एकेक करून मी बघतो. उगाच बोभाटा नको.”


१६ जानेवारी

पाईप बाहेर वळवला आहे. बाकी काही नाही. ओपलच्या गाडीला हातसुद्धा लावलेला नाही. बाबा दिवसभर कर्बीच्या गोल्फगाडीचं चाक दुरुस्त करत होते.

कर्बी मला वाटेत भेटला. “रोवेना, बाळ, ऐन हंगाम आहे. सगळ्या जागा भरल्यात. लोकांना घाबरवून काय मिळणार? तुझे बाबा करतील हळूहळू.” आणि डोळा मारला.

हळूहळू! मिस ओपल नऊ दिवसांनी निघणार. मला या ‘हळूहळू’चा वीट आलाय. चार वर्षं कॉलेजात घातली ती डोळे मिचकावून घ्यायला नाही.


१७ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

शनिवारच्या कॉफीला सगळे जमतात. हॉलमध्ये लांब टेबल, डोनटची खोकी, कागदी कप. तीसेक माणसं असतील. मी मध्यभागी, साखर भुरभुरवलेल्या डोनटच्या शेजारी, बरणी ठेवली.

कुणीतरी डोनटचं खोकं लांब सरकवलं.

“हे तुमच्या ब्रेकच्या टाकीतून निघालं,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, बर्फ, घाट. लाँड्रीची वाफ, धाग्यांची जाळी. आवाज चढला होता माझा, कळत होतं, पण थांबता येईना. शेवटी म्हटलं, “‘लायलची लाईन’ म्हणून जी पाटी लावलीय ना, त्या लाईननेच हे तुमच्या गाड्यांत भरलंय. ज्याला हवा म्हणजे काय हे माहीत नाही, त्याने लाईन टाकली की असं होतं.”

हे शेवटचं मी म्हटलं. जसंच्या तसं लिहिते आहे.

तीन नंबरच्या म्हातारबांनी हातातला डोनट खाली ठेवला. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आम्ही लायलवर विश्वास टाकून—” वाक्य पुरं केलं नाही. मिनेसोटाच्या बाई बरणीकडे बघून उठून बाहेरच गेल्या.

मिस ओपल म्हणाल्या, “पोरी, गटार दाखवायला दुसरं टेबल नव्हतं का?” मग बाबांकडे वळल्या. “पण लायल, तू शेडमधल्या टाकीतलं पाणी काढायचास ना रे रोज? सकाळी सहाला फुस्स ऐकून मी उठायचे. गजर लावायची गरज नव्हती मला.”

बाबा कॉफीच्या भांड्याजवळ उभे होते. “काढायचो,” म्हणाले. “मधे सोडलं.”

“का?”

“सोडलं असंच.”

असंच! सगळ्यांसमोर! एक धड कारणसुद्धा देता येईना. एवढा आळस? रोज सकाळी एक तोटी उघडायची, तीही ‘असंच’ सोडून दिली — आणि वर पाईप आत वळवला. मला त्या क्षणी वाटलं, मी या माणसाची कुणीच नाही.

ते कप ठेवून निघून गेले. कप अर्धा भरलेला होता.

मी खरं बोलले. हे पुन्हा लिहिते. खरं बोलले.


१८ जानेवारी

सकाळी दात घासत खिडकीतून पाहिलं — अठराच्या अठरा नळ्या काढलेल्या. जमिनीवर वेटोळी. सापाच्या काती पडल्यासारख्या. सगळीकडे इंजिनं चालू, धूर, खोकला.

सात नंबरवाले मला नेहमी हात करतात. आज टोपी सारखी केली.

आई चादरींच्या घड्या घालत होती. घड्या घालतच बोलली. “तुला खरं बोलायचं होतं, बोललीस. चार भिंतींत बोलली असतीस तरी खरंच राहिलं असतं.”

“मी दोन दिवस वाट पाहिली आई. त्यांनी काही केलं नाही.”

“त्यांनी शुक्रवारी टकसनला फोन लावून त्या शोषायच्या डब्याचे अठरा फिल्टर मागवलेत. मंगळवारी येतायत.” एक टोक माझ्या हातात दिलं. “धर. ताण.”

मला कुणी सांगितलं का? कुणी सांगितलं? या घरात माणसं करतात आणि गप्प बसतात, आणि मग बोलणारा वाईट ठरतो.

चादरीला लॅव्हेंडरचा वास. मी टोक सोडून दिलं. आईला म्हटलं, ते जांभळं पाणी वापरू नकोस. ती म्हणाली, “लोकांना आवडतं.”


१९ जानेवारी

फिनिक्सहून नकार. एकाचा.


२० जानेवारी, मंगळवार

सकाळी बाबांनी दारावर टकटक केली. “चल. ओपलची गाडी.” तीन दिवसांत एवढेच शब्द.

दोघं गाडीखाली. खाली पुठ्ठा अंथरलेला. त्यांनी आधी तिन्ही टाक्यांच्या दोऱ्या शोधल्या. मी दोनच शोधल्या होत्या. तिसरी मागच्या चाकाच्या वर, चिखलात लिंपून गेलेली. ही तिसरीच सगळ्यांत वाईट निघाली. आधी काहीच येईना. त्यांनी तारेने तोटीचं भोक उकरलं. आतून काळा गोळा आला, शेंगदाण्याएवढा, आणि मागून धार. या वेळी मी तोंड बंद ठेवलं होतं. मनगटावरून बाहीत गेलं. थंड, बुळबुळीत, गोगलगाय चढावी तसं. अंगावर काटा आला तो अजून आहे.

फुस्स झालं. मी दोरी सोडली.

“धरून ठेव,” म्हणाले. “आता तर सुरुवात.”

हवा पूर्ण जाईपर्यंत धरायची. मग इंजिन चालू करून टाकी भरायची. मग पुन्हा. मग पुन्हा. पाच वेळा केलं. दर वेळी ते तोटीखाली पांढरा कागद धरायचे. पहिल्याला काळा डाग. दुसऱ्याला राखाडी. चौथ्याला नुसती ओल. पाचव्या वेळी कागद कोरडा राहिला, नुसता फडफडला. त्यांनी तो गालाला लावून पाहिला, मग माझ्या गालाला लावला. “कोरडा?”

“कोरडा.”

हे पुस्तकात नव्हतं. कागद गालाला लावायचा हे कुठेच नव्हतं.

मग शोषायच्या डब्याचा फिल्टर बदलला. जुना जड झाला होता, पाण्याने टच्च, खाली ठेवला तर पुठ्ठ्यावर गोल डाग उमटला. नवा बसवताना आटे दिसेनात म्हणून त्यांनी ते बोटांनी चाचपले. त्यांचं वय एकसष्ट आहे. मी कधी मोजलं नव्हतं.

गाडीखालून निघाल्यावर त्यांनी फडकं दिलं. “कान पूस.”

मला तेव्हा बोलायला हवं होतं. शनिवारचं ते शेवटचं वाक्य तेवढं परत घ्यायला हवं होतं. पण मिस ओपल वाफाळती कॉफी घेऊन आल्या, म्हणाल्या, “दोघं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसताय. आत याल तर मारीन. इथेच प्या.” आणि मग राहिलंच.


२२ जानेवारी, गुरुवार

बाबा दारोदार जातायत. प्रत्येक गाडीपाशी टोपी काढून उभे राहतात. “माझी चूक झाली. आज टाक्या साफ करून देतो, फिल्टर बदलून देतो.” चूक माझी, चूक माझी. अकरा गाड्या झाल्या. मी बरोबर असते, हत्यारं देते, कागद धरते.

काही जण चांगलं बोलतात. काही जण नाही. तीन नंबरचे म्हातारबा खुर्चीत बसून बघत होते, म्हणाले, “लायल, हे आता तू करतोयस की पोरगी करून घेतेय?” बाबा गाडीखालून म्हणाले, “तीच साहेब आहे.” म्हातारबा हसले. मी नाही हसले.

खरं सांगायचं तर आज थोडं बरं वाटलं. वाईट वाटतं त्यांना टोपी काढून उभं पाहून, पण एक गोष्ट झाली — बाबा शिकले. चूक मान्य केली की माणूस सुधारतो. आमच्या घरात हे पहिल्यांदाच होतंय. कुणीतरी सुरुवात करायला हवी होती.

कर्बीने आज पाटी काढली. स्क्रू न काढता उचकटली. लाकडाची एक ढलपी भिंतीलाच राहिली. या माणसानेच पाईप आत घ्यायला लावला, आणि हॉलमध्ये सांगत फिरतोय की मला यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्याच्या त्या पुदिन्याच्या गोळ्यांच्या वासाचीसुद्धा मला घाण वाटते.

मी बाबांना म्हटलं, “तुम्ही सांगा ना, कर्बीने सांगितलं होतं म्हणून.”

म्हणाले, “पाना माझ्या हातात होता.”


२५ जानेवारी, रविवार

मिस ओपल गेल्या. निघताना भोंगा वाजवला, पार्कात सक्त मनाई असताना, तीन वेळा. मी त्यांना वहीत लिहून दिलंय — रोज मुक्कामी तिन्ही दोऱ्या, कागद, गाल. त्या म्हणाल्या, “एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एवढा गृहपाठ कुणी दिला नव्हता.” मग खिडकीतून वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं, “बापाशी बोललीस?”

“बोलते.”

“बोलते नको. बोल.”


२६ जानेवारी

बोलले नाही. ते लवकर झोपले.


२७ जानेवारी, मंगळवार

मिस ओपलचा फोन! युटातून. काल रात्री उणे वीस होतं म्हणे. घाटात पुढचा एक ट्रक आडवा झाला, यांना जोरात ब्रेक लावावा लागला. “लागला,” म्हणाल्या. “आणि सुटलासुद्धा. तुझ्या बापाला सांग, माझा कागद कोरडा आहे.”

मी पळत जाऊन बाबांना सांगितलं. ते पायरीवर बसून बूट घालत होते. “चांगलं झालं,” म्हणाले. दुसरा बूट घातला. नाडी बांधली. “चांगलं झालं.” मग तळव्याने तोंड पुसलं, कोरडंच.

मी म्हटलं, “बाबा, त्या शनिवारी कॉफीला मी जे म्हटलं—”

“खरंच होतं ते.”

“पण म्हणायला नको होतं.”

“ओपल पोचली ना? झालं तर.” आणि उठले. “लाईन उखडायची म्हणतोय कर्बी. उद्या कंप्रेसर सोडवू. येशील?”

विषय मिटला. मनावरून ओझं उतरलं. मी बरोबर होते, ते चुकले, त्यांनी दुरुस्त केलं, मी माफी मागितली. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.


२८ जानेवारी, बुधवार

बाबा पाने आणायला गेले होते तेवढ्यात मी कंप्रेसरची मोठी टाकी भिंतीपासून ओढली. मागच्या बाजूला, खालच्या तोटीवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यांच्या मोठ्या कुरूप अक्षरात, निळ्या पेनाने —

‘४ डिसेंबर. रोज पाणी काढायची गरज नाही. रोवेनाला फोन करून विचारलं.’

तो फोन मला आठवतो. दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर होता. मी त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं.